लांब शेपटीचं अक्षर

जानूभाऊ ब्रश हातात घ्यायच्या आधी बोटीवरून हात फिरवत फिरायचा, फळी न् फळी चाचपायचा, आणि मला दर वेळी वाटायचं, हा मेला खोट काढायला बघतोय. मग मी त्याच्या मागून फिरायचे. तो थांबला की मी थांबायचे. शेवटी तो म्हणायचा, "गुणवंते, मी बोट खिशात घालून नेत नाय. जा, चहा टाक."

माझा स्वभावच तसा, त्याला इलाज नाही. मासळीबाजारात तीस वर्षं बसले. गिऱ्हाईक म्हणतं मासा शिळा, दलाल म्हणतो भाव पडला, बर्फवाला देवाची शपथ घेऊन अर्धी वितळलेली लादी देतो. नवरा गेल्यावर सगळे सांगत होते, बाईमाणसाने बोट ठेवू नये, विकून टाक. सांगणाऱ्यांतले निम्मे विकत घ्यायला टपलेले. मी विकली नाही. मुलगा निहार मोठा झाला, तांडेल झाला, बोट चालवू लागला. बोटीचं नाव 'भाग्यलक्ष्मी'.

जानूभाऊ आमचा शेजारी, नात्याने कोणी नाही. रत्नागिरीच्या खाडीच्या तोंडाशी आमची वाडी, तिथे त्याचं घर माझ्या घराला लागून. तरुणपणी खलाशी होता. जाळं ओढायच्या यंत्रात पाय सापडला, समुद्र सुटला, आणि तो किनाऱ्यावर बसून बोटींची नावं घालायला लागला. शाळा चौथीपर्यंत. अक्षर कुठून आणलं म्हणाल तर दोरातून. खोटं नाही सांगत. जुना सुताचा दोर घ्यायचा, ओल्या वाळूत सैल हाताने टाकायचा आणि तो कसा पडला ते बघत बसायचा. मग तसंच बोटीवर उतरवायचा, वळणावर जाड, सुटताना बारीक. ब्रशाचे केस ब्लेडने तिरके कापलेले असायचे. नाव पुरं झालं की शेवटच्या अक्षराच्या कान्यातून एक रेघ खाली सोडायचा आणि ती नावाखालून मागे मागे नेत पहिल्या अक्षराखाली संपवायचा. तिला आम्ही शेपटी म्हणायचो. बंदरावरचे लोक हसायचे, बोटीला शेपटी कशाला रे? पण हसून झालं की बघत उभे राहायचे.

त्या शेपटीचा उपयोग होता. समुद्रात लांबून नाव वाचता येत नाही, पण शेपटी कळते. शेपटी दिसली की बोट आपल्या वाडीची. इंजिन बंद पडलं तर बेलाशक त्या बोटीकडे दोर टाकायचा, ती ओढून आणणार. म्हणून जानूभाऊ वाडीबाहेरच्या बोटींवर नाव घालायचा नाही. कागदावर असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याचं तोच पाळायचा.

माझ्या बोटीची शेपटी मात्र आखूड होती. २००१ साली त्याने नाव घातलं तेव्हा ती रेघ मधेच, 'ल'च्या खाली थांबवली. मी लगेच कंबर कसली. "सगळ्यांना लांब आणि मलाच आखूड? रंग वाचवतोस काय?" तर म्हणाला, "इथे फळी बदललीय, नवीन ठिगळ हाय. सांध्यात कापूस ठासलाय. पाण्यात लाकूड फुगलं की तिथला रंग पहिला उडणार. मी सांध्यावरून रेघ नेत नाय." मी म्हटलं, बरं बरं. विश्वास बसला नव्हता, पण भांडायला दुसरं काही सापडलं नाही.

त्याची मुलगी भाविका. बायको लवकर गेली, म्हणून मुलगी जीव की प्राण. १९९८ साली ती चित्रकला शिकायला सावर्ड्याला गेली. वाडीतली पोरगी परगावी राहून चित्रं काढणार म्हणून बरीच कुजबुज झाली आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, कबूल करते. पुढच्या मे महिन्यात ती जाड पांढरे कागद घेऊन आली आणि बापाला म्हणाली, "आबा, सगळी मुळाक्षरं लिहून द्या. शेपटीसकट. सगळ्या काना-मात्रा, जोडाक्षरं, सगळं."

आठ दिवस जानूभाऊ पडवीत बसून लिहीत होता. 'ङ'पाशी अडला. "ह्याची बोट कोणी बघितलीय?" म्हणाला. आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. 'ञ'चे त्याने चौदा कागद फाडले. मी भाविकाला विचारलं, "हे गो कशाला?"

"कॉलेजला दाखवायचंय, काकी."

"कॉलेजला तुझ्या बापाचं अक्षर कशाला हवंय?"

ती नुसती हसली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. पण शिक्षण संपवून पोरगी रत्नागिरीत राम आळीच्या मागे उन्मेष म्हणून एकाच्या दुकानात कॉम्प्युटरवर लागली, लग्नाच्या पत्रिका आणि रेडियमच्या पाट्या करायला लागली, आणि मी ते विसरून गेले. रेडियम म्हणजे तो चकचकीत चिकट कागद, रिक्षांच्या मागे नावं चिकटवतात तो.

२००३ चा ऑक्टोबर. एके दिवशी वाडीत दापोलीकडच्या बुरोंडीहून टेम्पो आला. त्यातून धोंडू नावाचा म्हातारा उतरला, त्याच्यासोबत चार माणसं, आणि मागून त्याचा मुलगा केरू. बावीस वर्षांचा पोर, उजव्या हाताला हे एवढं बँडेज. चार दिवसांपूर्वी सकाळी सातच्या सुमाराला त्यांची छोटी होडी जाळं टाकून उभी होती. समुद्रावर धुक्याची वाफ धरलेली. त्यातून एक ट्रॉलर आला आणि जाळ्यावरून सरळ गेला. जाळं ओढलं गेलं, दोर केरूच्या हाताभोवती आवळला आणि तीन बोटं गेली. ट्रॉलर थांबलासुद्धा नाही.

"नाव वाचलंत?" आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन लवूदादा यांनी विचारलं.

"पुढची दोन अक्षरं बाजूला लटकवलेल्या टायराने झाकली होती," धोंडू म्हणाला. "मागचं 'लक्ष्मी' दिसलं. आणि लांब शेपटीचं अक्षर. सगळा किनारा जाणतो, ते अक्षर तुमच्या वाडीचं."

वाडीत 'लक्ष्मी' तीन. 'धनलक्ष्मी' आणि 'जयलक्ष्मी' त्या आठवड्यात इंजिनाच्या कामासाठी वर ओढलेल्या होत्या. समुद्रात होती ती फक्त माझी. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्याशी मासळी वाटून खाल्लेली माणसं!

लवूदादांनी निवाडा दिला. शनिवारी केरू परत येईल आणि बोट जवळून बघेल. तोवर भाग्यलक्ष्मी बांधून ठेवायची. ठरलं की तीच, तर पोलिसात तक्रार, आणि निहार पुन्हा तांडेल म्हणून उभा राहणार नाही. कायद्याचं सोडा. ज्याने दुसऱ्याच्या जाळ्यावरून बोट नेली आणि वळून बघितलं नाही, त्याला समुद्रात कोणी दोर टाकत नाही. माझ्या पोराचं आयुष्य संपल्यातच जमा होतं.

आता ऐका. आई आहे म्हणून मी पोरावर विश्वास ठेवला असेल असं वाटेल तुम्हाला. नाही ठेवला. त्या दिवशी तो उशिरा आला होता. मला म्हणाला होता, पूर्णगडच्या अंगाला होतो. आमचा खलाशी सदू बाजारात सांगत होता, सरळ पश्चिमेला गेलो होतो. मी निहारला समोर बसवलं.

"कुठे होतास?"

"आये, मी नाय केलं ते."

"ते नाय विचारलं. होतास कुठे?"

गप्प. खाली मान. आता तांडेल मासळीची जागा सांगत नाही, हे मी जाणते. चांगली जागा सापडली की खलाशांनाही तोंड बंद करायला लावतात, बाजारात मुद्दाम वेगळं बोलायला सांगतात. माझ्या नवऱ्याने वीस वर्षांत मला सांगितली नव्हती. पण केरूचा तो हात डोळ्यांसमोरून जात नव्हता, आणि पोराच्या गप्प बसण्यात मला चोरीच दिसली. "मेल्या, तुझ्या बापाचं नाव घालवलंस तर बघ," म्हणाले. त्याने वर बघितलं ते डोळे मी अजून विसरले नाही.

गुरुवारी सदू धावत आला. मिरकरवाड्याच्या बंदरात त्याने एक फायबरची बोट बघितली होती, परकी, आणि तिच्यावर जानूभाऊचं अक्षर. शेपटीसकट!

झालं. माझं डोकं भडकलं. म्हणजे हा साधू गुपचूप बाहेरच्या बोटींवर नावं घालतो, आणि माझा पोर अडकतो! तशीच तरातरा त्याच्या पडवीत गेले. चार बायका मागून आल्या, त्यांनाही बघायचंच होतं.

"किती बोटी केल्यास बाहेरच्या?"

"एकपण नाय."

"मग सदूने बघितलं ते अक्षर काय पोहत गेलं मिरकरवाड्याला?"

तो म्हणाला, "सदूने बघितलं असेल तर हाय. पण माझ्या हातचं नाय."

"तुझं अक्षर, पण तुझ्या हातचं नाय! मला काय खुळी समजतोस?"

ओहोटी होती. बोट वाळूवर बसलेली. मी कालवं खरवडायचा पत्रा उचलला, पिंपावर चढले आणि बोटीवरचं नाव खरवडायला लागले. अख्खी वाडी जमली. जानूभाऊ लंगडत आला. "गुणवंते, नको," म्हणाला. "शनिवार जाऊ दे. मग हवं तर जाळ."

"का? घाबरलास?"

"शनिवार जाऊ दे गो."

जितकं तो नको म्हणाला तितका मी जोर लावला. 'भाग्य' गेलं, 'लक्ष्मी' गेली, ती आखूड शेपटी गेली. खाली उतरले तेव्हा तळहात सोलले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

शनिवारी बुरोंडीचा टेम्पो आला. धोंडू बोटीसमोर उभा राहिला. लाकूड उघडं पडलेलं, ताजं. तो हसला, पण ते हसणं वाईट होतं. "पुसलंत? छान केलंत. आम्हाला वाटलं होतं, निदान बघू तरी द्याल."

लवूदादांनी कपाळावर हात मारला. तरी त्यांनी केरूला विचारलं, शेपटी कुठवर होती?

"पार पहिल्या अक्षराखाली," केरू म्हणाला. "टायराच्या खालून बाहेर आली होती."

पार पहिल्या अक्षराखाली! माझी तर मधेच संपत होती. ज्या आखूड शेपटीवरून मी भांडले होते तीच माझ्या पोराला सोडवणार होती, आणि ती मी माझ्या हाताने खरवडून वाळूत पाडली होती. जानूभाऊ शनिवार शनिवार का करत होता ते तेव्हा डोक्यात शिरलं. केरूच्या आधी तो बोलला असता तर पढवल्यासारखं झालं असतं.

"माझी आखूड होती!" मी ओरडले. "जानूभाऊला विचारा!"

जानूभाऊ पुढे झाला. ठिगळ दाखवलं, सांधा दाखवला, मी इथे थांबलो होतो म्हणाला. धोंडूने शांतपणे ऐकून घेतलं. "रंगारी तुमचा, बोट तुमची, बाईपण तुमची," म्हणाला. "माझ्या पोराची बोटं तेवढी माझी." बुधवारपर्यंत मुदत ठरली. त्यानंतर पोलीस.

सोमवारी सकाळी जानूभाऊ पांढरा सदरा घालून निघाला. कधी न घालणारा माणूस! मला वाटलं, पळतोय. डोक्यावरून पदर घेतला, हातात रिकामी टोपली धरली आणि निघाले त्याच्या मागे. तो आधी बंदरावर गेला. बर्फाच्या गाडीआडून मी बघत होते. सदू म्हणाला होता ती फायबरची बोट तिथेच होती. 'राजलक्ष्मी'. मी अक्षर बघितलं. तेच. हुबेहूब. जानूभाऊ धक्क्यावरून वाकला, शेपटीवर बोट फिरवलं आणि नखाने तिची कड उचलायला लागला. मी मनात म्हटलं, बघा, पुरावा उपटतोय! तेवढ्यात बोटीवरचे खलाशी ओरडले आणि त्याला हाकललं.

तो गावात शिरला. मी मागे. गोखले नाक्याजवळ पत्रिकांच्या दुकानासमोर थांबला. काचेत 'शुभविवाह' लिहिलेलं, खाली शेपटी. त्याने काचेवरून बोट फिरवलं. पुढे एक रिक्षा, मागे 'आईचा आशीर्वाद', शेपटी. ब्युटी पार्लरच्या पाटीवर शेपटी. आंब्याच्या खोक्यावर शेपटी. कुठल्याशा साहेबाच्या सत्काराचा फलक, त्यावर तर शेपटीला गाठ मारून फूल केलेलं. मी चक्रावले. या लंगड्या माणसाने अख्खी रत्नागिरी कधी लिहून काढली?

जानूभाऊ भाविकाच्या दुकानाचा जिना चढला. मी जिन्यात उभी राहिले. आत पोरगी आनंदली. "आबा! तुम्ही कसे आलात?"

"माझं नाव लिही," जानूभाऊ म्हणाला.

तिने खटखट बटणं दाबली. मी दारातून वाकून बघितलं. कॉम्प्युटरच्या काचेवर 'जानू' उमटलं. दोराचं वळण, जाड-बारीक, सगळं. ब्रश नाही, हात नाही, आणि अक्षर त्याचं.

"तुमच्या त्या कागदांवरून केलं मी," भाविका सांगत होती. "एकेक अक्षर आत घेतलं. दोन वर्षं लागली. फॉन्टला नावपण 'जानू' दिलंय. दिवाळीला सांगणार होते. आबा, सगळ्यांना इतकं आवडतं! ज्याला त्याला हेच हवं असतं."

"कोणाकोणाला दिलंस?"

"उन्मेषदादांनी सीडीवर घालून चिपळूणला दिला, दापोलीला दिला. पुढे कुठे गेला कोण जाणे."

जानूभाऊ स्टुलावर बसला. मग त्याने तिला केरूचं सांगितलं. 'राजलक्ष्मी' तिनेच केली होती, गणपतीच्या सुमाराला. माणसं आली होती, तिने नाव मांडून दिलं होतं, शेपटी हौसेने लावली होती. बापाच्या बोटींना असते तशी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून उन्मेष आला. त्याने ऐकलं होतं. "भाविका, गिऱ्हाइकाचं काम बाहेर जाणार नाही," म्हणाला. "पोलीस-बिलीस माझ्या दुकानात नकोत. बोलायचंच असेल तर उद्यापासून येऊ नकोस."

आता मला राहवलं नाही. मी टोपलीसकट आत घुसले. जानूभाऊने वळूनसुद्धा बघितलं नाही. "ये," म्हणाला. "बंदरापासून तुझी चप्पल ऐकतोय."

"ऊठ गो पोरी," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता वाडीत चल आणि सांग सगळं!"

"गुणवंते, गप," जानूभाऊ म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्यावर आवाज चढवला. "नोकरी तिची हाय. तिचं ती ठरवील."

चार दिवसांपूर्वी मी त्याला वाडीदेखत चोर ठरवलं होतं. तो माझ्या पोरासाठी आला होता, आणि इथे स्वतःच्या पोरीवर शब्दाचा भार टाकत नव्हता. मी टोपली खाली ठेवली. भाविकाने बापाकडे बघितलं, उन्मेषकडे बघितलं. मग एक बटण दाबलं. यंत्रातून कागद आला, तिने घडी घालून पिशवीत ठेवला, आणि पर्स उचलली.

मंगळवारी लवूदादा बंदरावर गेले. 'राजलक्ष्मी' जागेवर होती, पण नाव नव्हतं. रेडियम सोलून टाकलेलं, अंग गुळगुळीत, जणू कधी काही नव्हतंच. मी खरवडायला अर्धा दिवस घालवला होता.

बुधवारी सोसायटीच्या ओट्यावर बैठक बसली. भाविकाने सगळं सांगितलं. धोंडू तिच्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाला, "पोरगी रंगाऱ्याची. कागद काय, आज सकाळीपण निघतो."

खरं होतं. मी त्याच्या जागी असते तर हेच बोलले असते.

"कागद उघडूच नका," जानूभाऊ म्हणाला. "केरू, बाळा, तू बघितलंस ते आधी तू काढ. मग उघडू."

केरूने डाव्या हातात खडू घेतला. ओट्यावर बसला. वाकडंतिकडं 'लक्ष्मी' काढलं. मग शेपटी काढली, मागे मागे नेली, आणि टोकाला थांबून तिथे एक लहानसा मासा काढला.

"हे काय?" धोंडूने विचारलं.

"मासा," केरू म्हणाला. "शेपटीच्या टोकाला मासा होता. कोणी विचारलं नाय म्हणून नाय सांगितलं."

वाडीतल्या एकाही बोटीवर मासा नव्हता, हे ओट्यावरच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. लवूदादांनी कागदाची घडी उलगडली. 'राजलक्ष्मी', आणि शेपटीच्या टोकाला मासा. धोंडूने कागद खडूच्या चित्राशेजारी ठेवला आणि बोटाने एकेक वळण जुळवून बघितलं.

"तो मासा आबांचा नाय," भाविका म्हणाली. तिला रडू फुटलं. "माझा आहे. मला वाटलं, चांगला दिसेल."

केरूने खडू खाली ठेवला. "चांगला दिसत होता," म्हणाला. उपहास नव्हता त्यात. मला तिथे बसवेना.

धोंडूने निहारचा हात घट्ट धरला आणि सोडला. मग तो आणि लवूदादा कागद घेऊन राजलक्ष्मीच्या मालकाकडे गेले. मालकाने दोन दिवस टोलवाटोलवी केली, पण त्याच्याच एका खलाशाने शेवटी कबूल केलं. भाग्यलक्ष्मी सुटली. निहार माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलला. भाविकाची नोकरी गेली ती गेलीच. ती वर्षभर घरी बसली आणि मग मुंबईला गेली.

बोटीला नाव हवं होतं. बिननावाची बोट बाहेर काढता येत नाही. मी जानूभाऊकडे चहा घेऊन गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "रंग आणलाय, बघ बरा हाय काय." तो लगेच उठला. ब्रश घेतले, बोटीवर हात फिरवला, फळी न् फळी. मी मागे गेले नाही. लांब वाळूत बसून राहिले.

दोन तासांनी तो पिंपावरून उतरला. मी वर बघितलं. 'भाग्यलक्ष्मी'. सरळ, ठोकळ्यासारखी अक्षरं, एस.टी.च्या पाटीवर असतात तशी. जाड नाही, बारीक नाही, वळण नाही. आखूडसुद्धा शेपटी नव्हती.

"हे काय रे?" मी म्हटलं. "मी खरवडलं म्हणून? रागावलायस माझ्यावर?"

"रागावलो होतो तर," तो म्हणाला. "लय रागावलो होतो. पण त्याच्यासाठी नाय."

"मग शेपटी?"

"शेपटी आता कोणाच्याही बोटीला असते, गुणवंते. उद्या कोणी कोणाच्या जाळ्यावरून गेला आणि लोकांनी शेपटी बघितली, तर परत तुझ्या निहारलाच धरतील. हे अक्षर साधं हाय. ह्याच्यावरून कोणाला धरता येत नाय."

त्यानंतर त्याने वाडीतल्या सगळ्या बोटी तशाच लिहिल्या. एकीलाही शेपटी काढली नाही. कोणी हट्ट केला तर म्हणायचा, हात आता वळत नाय. खोटं होतं ते. त्याचा हात ठणठणीत होता.

त्या दिवशी मी बोटीसमोर उभी राहून रडले. निहार बघत होता, खलाशी बघत होते, मला कोणाची लाज वाटली नाही. जानूभाऊ वाळूत बसून रॉकेलमध्ये ब्रश धूत राहिला.